पिंजऱ्यातलं गवत

माझं लग्न ठरत नव्हतं त्या काळात माझी आई पाहुण्यांना माझ्या नोकरीबद्दल "मोनिका सरकारी कामाला आहे" एवढंच सांगायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठायची. कारण पुढचं उत्तर असं होतं, की मुलगी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाली, रोज सकाळी वसईकडच्या नंदाखालहून एस.टी. पकडून खाडीकाठच्या खाजणात जाते आणि तिथे उकिडवी बसून गवत कापते. कापलेलं गवत पिशवीत भरून घरी आणते. आमच्याकडे तर म्हैसही नव्हती.

एका मुलाच्या मावशीने मात्र आईला चकवलं. चहा पुढ्यात असतानाच विचारलं, "गवताचं पुढे काय करतेस गो?"

मी खरं ते सांगितलं. "वाळवते, वजन करते आणि टाकून देते."

ती माणसं पुन्हा आली नाहीत. पुढे ज्याने होकार दिला तो आजही म्हणतो, त्याला वाटलं होतं मी थट्टा करते आहे. लग्नानंतर ओसरीवर पसरलेलं गवत बघितलं तेव्हा कळलं, पण तोवर चर्चमध्ये सही झाली होती.

घरी ही हकिकत मी इतक्यांदा सांगितली आहे, की मुलं मला मध्येच दुरुस्त करतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावी. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत लिहिते.

काम काय होतं ते आधी सांगते. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका संस्थेत मी साहाय्यक होते. अमेरिकन उपग्रह आकाशातून फोटो काढायचा, त्याच्या मोठ्या छापील प्रती आमच्याकडे यायच्या, आणि त्या बघून कुठल्या जमिनीवर किती हिरवळ उगवते याचा अंदाज करायचा होता. यात दोन अडचणी होत्या. पहिली, पावसाळ्यात जेव्हा सगळं उगवत असतं तेव्हा उपग्रहाला फक्त ढग दिसतात. दुसरी, फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवर चांगलं मोठं शेत. त्या एका ठिपक्यात मी, माझी छत्री, चार म्हशी आणि म्हशींची मालकीण असे सगळे आरामात मावायचो. तेव्हा वरून दिसतं ते खरं की खोटं, हे खाली कोणीतरी चिखलात उतरून बघायला लागायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. लोखंडी चौकट जमिनीवर टाकायची, तिच्या आतलं सगळं गवत मुळापासून कापायचं, वाळवायचं आणि तोलायचं. एवढ्या चौकटीत इतकं, तर अख्ख्या खाजणात किती, हा पुढचा हिशेब संस्थेतले आमचे सर करायचे.

आणखी एक गोष्ट. हिरवं पान आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश भरपूर परत फेकतं. उपग्रहाला तो दिसतो. कागदावर तो दाखवायचा तर कुठला तरी रंग द्यायला हवा, म्हणून लाल देतात. त्यामुळे त्या छापील फोटोत जिथे दाट हिरवं, तिथे लालभडक. आमच्या नंदाखाल-निर्मळकडच्या केळी-नारळाच्या वाड्या डाळिंब फोडल्यासारख्या दिसायच्या. खाजण फिकट गुलाबी, मिठागरं पांढरी आणि सिमेंटची घरं निळसर करडी. हा लाल रंग लक्षात ठेवा, याने पुढे घोळ केला.

गवत वाळवायला भट्टी लागते. संस्थेची भट्टी मुंबईत, आणि ओलं गवत तिथे पोचेपर्यंत कुजायचं. म्हणून आमच्या पाववाल्या पेद्रूअंकलना मी गळ घातली. पाव काढून झाले, की भट्टीत जी ऊब उरते तिच्यात माझ्या कागदी पिशव्या ठेवायच्या. अंकल तयार झाले, पण रोज पिशवी हुंगून बघायचे. "हे नक्की गवतच ना गो? माझ्या भट्टीला पोलीस नकोत." एका आठवड्यात गावातल्या दोन बायकांनी पावाला चिखलाचा वास येतो अशी तक्रार केली. अंकलनी ती फादरपर्यंत जाऊ दिली नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

पोलिसांचं भाकीत मात्र खरं ठरलं. वाळलेल्या पिशव्या घेऊन मी वसईच्या स्टँडवर उभी असताना एका हवालदाराने मला बाजूला घेतलं. वाळका पाला, लहान लहान पिशव्यांत बांधलेला, प्रत्येकीवर खुणा घातलेल्या.

"काय आहे हे?"

"गवत."

"कोणासाठी?"

"उपग्रहासाठी."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मलाच क्षणभर वाटलं, पिशवीत दुसरं काहीतरी असावं. शेवटी त्याने चिमूटभर पाला तोंडात टाकून चावला, थुंकला, आणि म्हणाला, "जा. पण कोणी चांगला डॉक्टर बघ."

आता खाजणाबद्दल सांगते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं आजही माझ्यावर नजर ठेवून आहेत असा माझा समज आहे. खाजण म्हणजे खाडीला बांध घालून अडवलेली सखल जमीन. पावसाळ्यात तिच्यात गोडं पाणी साठतं, काही भागात भात होतो, उरलेल्यात लव्हाळा आणि गवत. भात निघालं की सगळं खाजण गुरांना मोकळं. गावातल्या बऱ्याच घरांची चूल त्या गवतावर, म्हणजे म्हशींच्या दुधावर चालायची. जनीकाकीची तर पूर्णच. काकी विधवा, अंगाने काटकुळी, आवाजाने भरभक्कम. लुगड्याचा काचा मारून, हातात बांबूची काठी घेऊन ती म्हशींमागे चालायची तेव्हा बांधही जरा सरळ उभा राहतो की काय असं वाटायचं. कोणावर विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा स्वभाव नव्हता, तिचा धंदा होता. दुधात पाणी घालणारे, दुधाचे पैसे बुडवणारे, बांधाची माती चोरणारे, सगळे तिने बघितले होते. मी नवीन प्रकार होते, एवढंच.

आमच्या सरांना एका सरकारी खात्याकडून एका ओळीचा प्रश्न आला होता: या जमिनीत काही उगवतं का? प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे दुसरा होता. मुंबई सरकत सरकत आमच्याकडे येत होती. मनवेलपाड्याला चाळी उठत होत्या, गोखिवऱ्याला कारखान्यांच्या शेड. खाजणात काही उगवत नाही असं कागदावर आलं, की ती जमीन पड, म्हणजे पडीक, ठरणार. पड ठरली की तिच्यावर भराव घालायला कोणाला विचारावं लागत नाही. आणि उपग्रहाच्या फोटोत तर ती फिकट गुलाबी होती, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

सरांना हे पटत नव्हतं. सर पुण्याचे, कडक इस्त्रीचे, पण डोकं स्वच्छ. ते म्हणायचे, गवत कमी दिसतं म्हणजे कमी उगवतं असं नाही. उगवतं तेवढं खाल्लं जात असेल. हे तपासायची रीत अशी, की जमिनीच्या लहानशा तुकड्यावर पिंजरा ठेवायचा. आतल्या गवताला म्हैस लागत नाही. महिन्याने आतलं कापायचं, बाहेरचं कापायचं. आतलं ते वाढलेलं, बाहेरचं ते उरलेलं. मधला फरक म्हशींच्या पोटात. मग पिंजरा उचलून दुसऱ्या जागी ठेवायचा आणि पुन्हा महिनाभर थांबायचं.

बांबूच्या कामट्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावून आम्ही दहा-बारा पिंजरे करून घेतले. पहिला पिंजरा खाजणात ठेवला आणि मी वर बघते तो जनीकाकी काठीवर हनुवटी टेकून उभी.

"आत काय हाय?"

"काही नाही, काकी."

"काय नाय तर जाळी कशाला?"

"गवत आहे."

"गवत बाहेर बी हाय. त्याला नाय घातली जाळी."

मी म्हटलं, सर येऊन सगळं समजावून सांगतील. सर आले. गावच्या देवळासमोर लोक जमले. सरांनी तो मोठा छापील फोटो भिंतीला टेकवला आणि शुद्ध मराठीत बोलले. मला अजून आठवतं, ते म्हणाले, "जिथे लाल गडद आहे, तिथे आमचं विशेष लक्ष आहे." सरांना म्हणायचं होतं, की दाट हिरवळ अभ्यासाला महत्त्वाची. लोकांनी मान डोलावली. कोणी एक प्रश्न विचारला नाही. सर परतताना खूश होते. "किती समंजस लोक आहेत," म्हणाले. मी तिथलीच, शेजारच्या पट्ट्यातली. गावातल्या माणसांनी एकही प्रश्न विचारला नाही म्हणजे त्यांनी काहीतरी ठरवलं आहे, एवढं मला कळायला हवं होतं. पण मीही तेव्हा सरांबरोबर जीपमध्ये बसले होते, आणि जीपमध्ये बसलं की माणसाला कमी दिसतं.

पहिला महिना भरला. मी आतलं कापलं, बाहेरचं कापलं, अंकलच्या भट्टीत वाळवलं, तोललं. दोन्ही सारखं. दुसरा महिना, तेच. आत जितकं आखूड, तितकंच बाहेर. जाळी शाबूत, कामट्या शाबूत, पिंजरा जागचा हललेला नाही. मी खेकड्यांवर संशय घेतला. मग उंदरांवर. मग बगळे गवत खातात का, हे एका जाणकाराला विचारून आले. तो बराच वेळ हसला.

सरांनी माझ्यावर संशय घेतला. "मोनिका, हे आकडे खाजणातले आहेत की घरचे?"

"खाजणातले, सर."

"पिंजऱ्यातलं गवत बाहेरच्याइतकंच कसं? म्हशी जाळीतून हात घालतात का?"

मला राग आला, रडू आलं, आणि त्याहून वाईट म्हणजे सरांचं बरोबर आहे हेही कळत होतं. सरांच्या जागी मी असते तरी मी मला विचारलं असतं. सर पुढे म्हणाले, "अहवाल द्यायची वेळ आली आहे. हेच आकडे राहिले, तर मला लिहावं लागेल की इथे काही उगवत नाही."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या एस.टी.ने गेलेच नाही. दुपारच्या गाडीने गेले, गावातून न जाता मिठागराकडून वळसा घेतला आणि बांधाच्या आडोशाला छत्री मिटून बसले. आईने दिलेली भाकरी आणि सुकट उघडली. अर्धी भाकरी झाली असेल, तेवढ्यात जनीकाकी आली. म्हशी पुढे सोडल्या, पिंजऱ्याशी बसली, कमरेचा विळा काढला, जाळीच्या खालच्या फटीतून हात घातला आणि आतलं गवत कापायला लागली. कापणं असं, की न्हाव्याने लाजावं. मध्ये थांबून बाहेरचं गवत बघायची, आतलं बघायची, आणि पुन्हा थोडं कमी करायची. कापलेल्या मुठी मागे म्हशीला.

मी भाकरी तशीच हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने मान वर केली. चेहऱ्यावर काही फरक नाही.

"काय गो बाय, जेवतेस?"

"काकी, हे काय करता?"

"कापतंय."

"का पण?"

"तू बी कापतेस. मी इचारलं का कदी, का कापतेस म्हनून?"

मी चिखलात बसले. मग म्हशीकडे बघत बघत, माझ्याकडे नाही, तिने सांगितलं. तुझा साहेब देवळासमोर बोलला, लाल गडद तिथे आमचं लक्ष. आम्ही ऐकलं. आम्हाला तुमचं लक्ष नको. मुंबईतले म्हशींचे तबेले बाहेर काढणार असं सगळीकडे बोललं जातंय. तबेलेवाल्यांची माणसं गाडी घेऊन फिरून गेली आहेत. चांगलं कुरण दिसलं की कागद होणार, आमच्या म्हशी बाहेर, त्यांच्या आत. कागदावर आमचं खाजण फिकं आहे. ते फिकंच राहिलं पाहिजे. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं, या पिंजऱ्यांत काही वाढू द्यायचं नाही.

म्हणजे गावाने उपग्रहाची रीत बरोबर ओळखली होती. फक्त सरकार कुठल्या बाजूने चावतं, ते उलटं धरलं होतं.

मी म्हटलं, "काकी, इथे काही उगवत नाही असं झालं, तर ही जमीन पड ठरते. मग भराव."

"पड?" तिने विळा खाली ठेवला. "ही पड? दोन येळा दूध काढते मी. पड दूध देते का?"

"वरून दूध दिसत नाही."

"मंग काय दिसतं वरून?"

मी तिला सांगितलं. तुम्ही घरी बोंबील तळायला बसलात. पोरं भोवती. तुम्ही तळताय, ती उचलतायत. तेवढ्यात शेजारीण डोकावली, तिला ताटात दोनच बोंबील दिसले. ती गावभर सांगणार, जनीने दोनच बोंबील तळले. उपग्रह म्हणजे ती शेजारीण. आणि हा पिंजरा म्हणजे पोरांचा हात पोचणार नाही असं एक झाकलेलं ताट. त्यात बघितलं की कळतं, खरे किती तळले.

काकीने विळा उचलून पदराला पुसला. मग बोलली, पण मी अपेक्षिलं होतं ते नव्हे. "आनि तू खरं लिवशील, ते कशावरून? तुमच्या नंदाखालच्या वाड्या त्या कागदावर लालभडक. मी बगितल्या. उद्या कोनी मागितलं तर तुमी आमच्यावर ढकलनार. आमचं खाजन देऊन तुमच्या वाड्या वाचवनार."

मला वाईट वाटलं, पण खोटं सांगत नाही, ते नुसतं वाईटच वाटलं. खोटं वाटलं नाही. आमच्या पट्ट्यातले काही लोक असं बोलतही होते. आणि खरं लिहिलं तर नक्की चांगलंच होईल, असं मला तरी कुठे माहीत होतं? खात्याचा प्रश्न कोणी विचारला, कशासाठी विचारला, हे सरांनाही ठाऊक नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बघायला बसा."

हे तिला पटलं. विश्वास मागितला असता तर तिने मला बांधाखाली ढकललं असतं.

त्या गावात एक पद्धत होती. मोठ्या उधाणाला बांध फुटायची भीती असते, तेव्हा बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे पाळीने असायचा. ज्याची पाळी त्याने तिथे बसायचं. पाणी झिरपलं तर हाक द्यायची. गावाने माझे पिंजरे तसेच पाळीला लावले. प्रत्येक पिंजरा एका घराचा. राखण गवताची नव्हती, माझी होती. मी कापायला बसले की पाळीचा माणूस समोर बसायचा. चौकट वाकडी पडली की म्हणायचा, "जरा सरळ टाक, उगाच आमचं जास्त नको." ओल्या गवताचं वजन गाव सोडायच्या आधी दुकानाच्या तराजूत सगळ्यांदेखत व्हायचं. आणि शेवटी काकीने अट घातली, की वाळवून तोलून झालेलं गवत गावाचं आहे, ते परत आणायचं. मी आणलं. तिच्या म्हशीने ते हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याला पावाचा वास येत होता.

पण गवत वाढलं. महिन्याभरात पिंजऱ्यांत गुडघाभर हिरवं उभं राहिलं, जाळीतून पाती बाहेर आली, आणि भोवती सगळं चाटूनपुसून खाल्लेलं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा गंमत अशी झाली, की मलाच संशय आला. जास्त दिसावं म्हणून यांनी रात्रीतून काही घातलं तर नाही ना? मी वाकून माती हुंगली. पाळीचा माणूस म्हणाला, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही." तो म्हणाला, "काय नाय तर वाकलीस कशाला?" त्या खाजणात राहून मीही त्यांच्यातलीच झाले होते.

सरांनी अहवाल लिहिला. जमीन उत्पादक, कुरण म्हणून उत्तम, फोटोत फिकट दिसतं कारण उगवतं तसं खाल्लं जातं. सर स्वतः टपालात टाकायला गेले. मला वाटलं, जिंकलो.

उत्तर आलं. जमीन पड नाही, हे खात्याने मान्य केलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, की कुरण इतकं उत्तम असेल, तर मुंबईतले तबेले हलवण्यासाठी या जागेचा विचार करता येईल. अधिकारी पाहणीला येत आहेत.

ते पत्र घेऊन मी काकीकडे गेले. ती शेण थापत होती. मी सांगितलं. ती थापतच राहिली. "मंग? मी काय बोललेली?" एवढंच म्हणाली. मग हात धुतले. "सायेब कदी येनार?"

साहेब आले ते ऊन चढल्यावर. बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावरूनच बघत होते. सर पुढे, मी मागे पिशवी घेऊन, गावकरी बांधाच्या उतारावर रांगेने. साहेबांनी खाजणावर नजर फिरवली. सगळीकडे बोटभर उंचीचं गवत, त्यावर म्हशी, आणि मध्ये मध्ये हिरव्यागार पेट्यांसारखे पिंजरे.

"हेच ते उत्तम कुरण?"

"आतलं बघा, साहेब," सर म्हणाले.

साहेबांनी आतलं बघितलं, बाहेरचं बघितलं, मग सरांना बघितलं. "आत काय घातलंत? युरिया?"

सरांच्या मानेवरची शीर मी पहिल्यांदाच तेव्हा बघितली. मग त्यांच्या आधी मीच बोलले. "साहेब, आतलं ते वाढलेलं. बाहेरचं ते उरलेलं. मधलं या समोरच्या म्हशींनी खाल्लं. जास्तीचं इथे काहीच नाही. आणखी म्हशी आणल्या तर त्या खाणार काय?"

साहेब माझ्याकडे न बघता काकीकडे वळले. बहुधा त्यांना वाटलं, ही खरं सांगेल. "काय हो बाई, यांनी पिंजऱ्यात खत घातलं का?"

सगळा गाव काकीकडे बघत होता. हो म्हटलं तर जमीन पड. नाही म्हटलं तर तबेले.

काकी म्हणाली, "कोन इचारतं?"

"मी विचारतोय."

"तुमी कोन?"

"मी पाहणी अधिकारी."

"कागद हाय?"

साहेबांनी खिसे चाचपले. कागद जीपमध्ये होता. जीप लांब होती. साहेबांना घाम आला. काकी म्हणाली, "असं कसं सांगू, सायेब? हे बी तपासायला आले, तुमी बी तपासायला आलात. हे बोलतात खत नाय, तुमी बोलता खत हाय. तुमी दोगंबी सरकारचे. आदी तुमचं काय ते ठरवा. आमी हायतच हितं."

साहेब आमच्याकडे संशयाने बघत, आम्ही त्यांच्याकडे, आणि गाव सगळ्यांकडे. त्यांनी जाता जाता आपल्या कारकुनाला सांगितलं ते मी कानांनी ऐकलं: "फेरतपासणी होईपर्यंत कुठलाही निर्णय नको."

ते वाक्य काकीनेही ऐकलं होतं.

काही महिन्यांनी आमच्या कामाचा निधी संपला. मी टेम्पो घेऊन पिंजरे न्यायला गेले. संस्थेची मालमत्ता, जमा करायची होती. काकी पहिल्या पिंजऱ्यापाशी उभी राहिली, काठी आडवी धरून.

"पिंजरे ऱ्हाऊ दे."

"काकी, काम संपलं. आता तपासणी नाही."

"ते तुला म्हाईत. सायेबाला म्हाईत हाय का? पिंजरे हायत, म्हंजे तपासनी चालू हाय. तपासनी चालू हाय तवर कोन हात लावत नाय."

मी सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खाऱ्या हवेने पिंजरे निकामी झाले, असं लिहून टाक." हे पुण्याच्या कडक इस्त्रीच्या माणसाने म्हटलं. रिकामा टेम्पो परत आला.

पुढे मी दुसऱ्या कामांना लागले. दर दोन-चार वर्षांनी नवा फोटो हातात यायचा, आणि मी आधी आमचाच भाग शोधायची. सिमेंटचा निळसर करडा रंग रेल्वेच्या दोन्ही बाजूंनी पसरत होता. आमच्या डाळिंबी वाड्यांनाही मध्ये मध्ये करडी भोकं पडली, आणि ती कोणी सरकारने पाडली नव्हती, आम्हीच जमिनी विकल्या होत्या. खाजणाचा बराच तुकडा मात्र गुलाबी होता. त्यात पिंजऱ्यांचा वाटा किती, हे कुठल्याही तराजूत तोलता येणार नाही, आणि मी उगाच श्रेय घेणार नाही. काकी गेल्याचं कळलं तेव्हा मी आजारी होते, मातीला जाता आलं नाही. ते राहून गेलं.

मागच्या वर्षी मुलीला घेऊन त्या बाजूला गेले होते. बांधावरून चालताना लांबून काहीतरी चौकोनी दिसलं. जवळ गेले. पिंजरा होता. बांबू नवा, जाळी नवी, आत गुडघाभर गवत. इतकी वर्षं कोणीतरी पिंजरे मोडतील तसे नवे करत होतं. मला राहवलं नाही. मी खाली वाकून जाळीला हात लावला.

"ए बाय! हात नको लावू!"

उतारावरून एक बाई धावत आली. तरुण, कमरेला ओढणी खोचलेली. नाकाच्या ठेवणीवरून काकीच्या घरातली असावी.

"सरकारी सर्वे चालू हाय. दिसत नाय का?"

"हो का?" मी म्हटलं. "कोण करतं सर्वे?"

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. माझी पर्स बघितली, मुलीच्या हातातला कॅमेरा बघितला.

"तुला कशाला पायजे?" ती म्हणाली, आणि आम्ही बांध उतरून रस्त्याला लागेपर्यंत पिंजऱ्यापाशी उभी राहिली.